फाशी गेलेल्या जपानी नेत्यांनाही राधाबिनोद पाल यांनी निर्दोष का ठरवलं होतं?

टोकियोच्या यासुकुनी मंदिरात जपानसाठी लढताना मेलेल्यांची पूजा होते. २००५ साली त्याच मंदिराच्या आवारात एका भारतीय न्यायाधीशाचं स्मारक उभारलं गेलं. त्यांचं नाव राधाबिनोद पाल.

पाल यांचा जन्म १८८६ चा. गाव नदिया जिल्ह्यातलं सलिमपूर, जे आज बांगलादेशात आहे. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगं हुशार. आधी त्यांनी मैमनसिंगच्या कॉलेजात गणित शिकवलं, मग ते कायद्याकडे वळले. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

अशातच दुसरं महायुद्ध संपलं. १९४६ साली टोकियोत जपानच्या २८ नेत्यांवर खटला सुरू झाला. ११ देशांचे ११ न्यायाधीश होते. भारताकडून गेले पाल.

नोव्हेंबर १९४८ मध्ये निकाल लागला. खटला चालू असताना दोघे वारले, एकाला मानसिक आजारामुळे वगळलं. उरलेले २५ जण दोषी ठरले. माजी पंतप्रधान हिदेकी तोजो यांच्यासह ७ जणांना फाशी झाली.

पाल यांनी मात्र हजारावर पानांचं वेगळं निकालपत्र लिहिलं आणि सगळ्यांना निर्दोष ठरवलं.

त्यांचं म्हणणं असं होतं की, युद्ध पुकारल्याबद्दल नेत्याला शिक्षा देणारा कायदा युद्ध सुरू झालं तेव्हा नव्हताच. तो नंतर करून मागच्या कृत्यांना लावता येणार नाही. शिवाय न्याय करणारे जिंकलेल्या बाजूचे. त्यांच्या वसाहतींचा आणि अणुबॉम्बचा हिशेब कुणी मागायचा?

हे निकालपत्र कोर्टात वाचलंच गेलं नाही. अमेरिकेचा ताबा १९५२ साली संपेपर्यंत जपानमध्ये ते छापताही आलं नाही.

ते बाहेर आलं आणि जपानमधल्या कडव्या राष्ट्रवाद्यांनी ते उचलून धरलं. जपानने काही वाईट केलंच नाही, असा अर्थ त्यांनी काढला. पण नानजिंगमध्ये जपानी सैन्याने केलेले अत्याचार पाल यांनी नाकारले नव्हते. त्याचे पुरावे भक्कम असल्याचं त्यांनी मान्य केलं होतं. त्यासाठी या नेत्यांना जबाबदार धरता येतं का, हा त्यांचा प्रश्न होता. सैन्याला आवरणं नेत्यांचंच काम होतं, आणि पाल यांनी ते हलक्यात घेतलं, अशी टीका आजही होते.

पुढे पाल संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायदा आयोगाचे दोनदा अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं.

यासुकुनीत आज तोजोंचीही पूजा होते. तिथं पाल यांच्या स्मारकासमोर हात जोडणाऱ्या अनेकांना नानजिंगबद्दल त्यांनी काय लिहिलं होतं, हे ठाऊकही नसतं.