ताराबाईंच्या पाठीशी कोण होतं?

मैत्रिणींनो, लिहिणाऱ्या बाईच्या पाठीवर कुणाचा तरी हात लागतोच. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंना तो आधी वडिलांचा मिळाला. बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. एकुलत्या एका लेकीला त्यांनी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. घरजावई आणला, त्यामुळे लग्नानंतरही ताराबाई माहेरीच राहिल्या.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली, पण काही वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं. त्या बाळाच्या बापाचं काय? ताराबाईंनी पुरुषांचाच हिशेब मांडला. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं गेलं. प्रती ५००, किंमत ९ आणे.

टीका तर झालीच. जोतीराव फुले मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण एवढ्यानं भागलं नाही. ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलंच नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा उजेडात आणलं. मधे ९३ वर्षं गेली होती!

तुमच्या गल्लीत कुणी लिहीत असेल, तर तिची वही आजच वाचायला मागा.