ज्ञानासाठी दिलेले ऋण : जमशेटजी टाटा

नागपूरच्या औद्योगिक इतिहासाचे पहिले पान ज्यांच्या कर्तृत्वाने लिहिले गेले, त्या जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव उच्चारताच एम्प्रेस मिलचे स्मरण होते. परंतु होतकरू पदवीधरांसाठी परदेशातील उच्च शिक्षणाचे दार उघडणारे द्रष्टे दाते ही त्यांची ओळख तितकीच मोलाची आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन १८५८ मध्ये ते बाहेर पडले आणि पित्याच्या व्यापारात शिरले. पुढे व्यापारानिमित्त ते इंग्लंडला गेले. तेथे असतानाच अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या अनेक पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही जबर फटका बसला. त्या कठीण प्रसंगी तरुण जमशेटजींनी धनकोंना सचोटीने तोंड दिले व त्यांचा विश्वास टिकवला.

स्वतःची मोठी गिरणी काढावयाची ठरल्यावर त्यांनी मुंबईऐवजी नागपूर निवडले. भोवताली कापूस पिकत होता, १८६७ पासून रेल्वे आली होती आणि दगडी कोळसाही फार दूर नव्हता. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले होते. त्यावरून गिरणीचे नाव एम्प्रेस पडले. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांच्या साहाय्याने जमशेटजींनी येथे नवी यंत्रे आणली, १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन कारखान्याचे काम शिकविले. कुशल मनुष्यबळाखेरीज भांडवल पांगळे असते, हे सत्य या गिरणीने उदाहरणासह दाखवून दिले.

त्या काळी सनदी सेवेची परीक्षा लंडनमध्येच होत असे. वैद्यक, अभियांत्रिकी व विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठीही विलायतेस जाणे भाग होते. बोटीचे भाडे, शुल्क आणि तेथील निर्वाह यांचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. परिणामी बुद्धी असूनही अनेकांची वाट पदवीपाशीच खुंटत असे. ही अडचण ओळखून जमशेटजींनी १८९२ मध्ये जे. एन. टाटा एंडोमेंट हा निधी स्थापन केला. प्रारंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. १८९४ पासून मात्र जातिधर्माचा भेद न ठेवता सर्व भारतीयांना खुला झाला.

या निधीचे वैशिष्ट्य असे की, येथे मिळणारे साहाय्य दान नसून ऋण होते. अर्जदाराची गुणवत्ता पारखून निवड करावयाची, शिक्षणासाठी रक्कम द्यावयाची आणि तो मिळवता झाल्यावर अल्प व्याजासह ती परत घ्यावयाची, अशी ही योजना. त्यामुळे घेणाऱ्याला याचकाचा संकोच राहिला नाही. एकाने फेडलेली रक्कम दुसऱ्याच्या प्रवासखर्चास उपयोगी पडू लागली आणि आज साहाय्य घेणारा विद्यार्थी उद्याच्या विद्यार्थ्याचा साहाय्यकर्ता ठरला.

या साहाय्याचा लाभ मिळालेल्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री-डॉक्टर होत्या. मुलींचे प्राथमिक शिक्षणही वादाचा विषय असलेल्या काळात त्यांना वैद्यकाच्या उच्च अभ्यासासाठी समुद्रापार पाठविणे हे मोठे धाडस होते. पुढील काळात अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा, राष्ट्रपतिपद भूषविलेले के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हेही टाटा शिष्यवृत्तीच्या आधारे इंग्लंडला गेले.

विद्यार्थ्यांना परदेशी पाठवूनच जमशेटजी थांबले नाहीत. देशातच संशोधनाचे विद्यापीठ असावे, या हेतूने १८९८ मध्ये त्यांनी सुमारे तीस लाख रुपये मूल्याची मालमत्ता देऊ केली. सरकारी मंजुरीची प्रतीक्षा लांबत गेली आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. १९०९ मध्ये बंगळुरू येथे भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. ती पाहण्यास ते राहिले नव्हते.

एम्प्रेस मिलचा भोंगा नागपुरात आता वाजत नाही. त्यांनी सुरू केलेला निधी मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही कार्यरत आहे. परदेशी प्रवेश मिळूनही खर्चाच्या विचाराने पाऊल अडलेल्या पदवीधराने अशा निधींची माहिती वेळेत मिळवावी, आपल्या अभ्यासाचे प्रयोजन अर्जात नेमकेपणाने मांडावे आणि घेतलेले ऋण नियमाने फेडावे. पुढच्या विद्यार्थ्याचा मार्ग त्या परतफेडीनेच मोकळा होतो. आणि जमशेटजींना वाहावयाची खरी आदरांजलीही तीच होय.