दिवा हाती धरलेली मुलगी

ओंजळीआड दिवा धरून उभी असलेली ती साडीतली मुलगी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. मी कितीतरी वर्षं ते चित्र राजा रविवर्मा यांचं समजत होते. ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं.

हळदणकर आपल्या कोकणातलेच. जन्म १८८२, सावंतवाडी. पोलादपूरवरून खाली जाणारा आपला महामार्ग त्याच मुलखात पोचतो. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९०८ साली त्यांनी स्वतःची चित्रकला संस्था काढली, तर १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत भाग घेतला. १९६८ मध्ये ते गेले.

रविवर्मा यांची ख्याती तैलरंगांची. हे चित्र मात्र जलरंगातलं. चित्रकलेच्या तासाला आपण सगळे अनुभवून बसलोय, जलरंगात एकदा डाग पडला की पडला! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांसारखी केलेलं मागे घ्यायची सोय तिथे नाही. तरीही बोटांमधून झिरपणारा उजेड त्यांनी कागदावर आणला. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. पुढे गीताताई उपळेकर कोल्हापुरात राहिल्या आणि शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

चित्र घरोघर पोचलं, नाव मात्र वाटेतच राहिलं. आता कुठे ते दिसलं, तर मुलांना एवढं जरूर सांगा, हे हळदणकरांचं.