ससूनच्या खाटेवरील राजबंदी
पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री एका राजबंद्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. बंदी होते मोहनदास करमचंद गांधी, वय ५४. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेत राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना सहा वर्षांची साधी कैद झाली होती. तिची दोन वर्षेही पुरी होण्याआधी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना अपेंडिसायटिसने गाठले, आणि तुरुंगाचे अधीक्षक कर्नल मरे व ससूनचे कर्नल मॅडॉक यांनी त्यांना तातडीने रुग्णालयात हलविले.

हा कैदी सरकारच्या ताब्यात दगावला तर देशात काय होईल, याची कल्पना सरकारला पुरती होती. म्हणून आपल्या विश्वासातील डॉक्टरांना बोलाविण्याची मुभा त्यांना मिळाली. गांधीजींनी मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांची नावे दिली. परंतु त्यांची वाट पाहण्याइतका अवधी उरला नव्हता. पुण्यातले डॉ. फाटक आणि भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री तेवढे शय्येपाशी आले. शास्त्री हे राजकारणात गांधीजींचे प्रतिपक्षी, आणि शस्त्रक्रियेला संमती देणारे निवेदन त्यांच्याच लेखणीतून उतरावे, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. डॉक्टरांवर आपला पूर्ण विश्वास आहे आणि काही विपरीत घडले तरी त्यावरून सरकारविरुद्ध चळवळ होऊ नये, असा त्याचा आशय होता. सही करताना गांधीजींचा हात कापत होता. सरकारशी असलेले आपले भांडण मात्र मिटलेले नाही, हे त्याच भेटीत त्यांनी शास्त्रींना सांगून ठेवले.

शस्त्रक्रिया चालू असतानाच बाहेर वादळ झाले आणि विजेचे दिवे गेले. परिचारिकेच्या हातातील विजेरीनेही दगा दिला. अखेरचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले.

त्या काळी खरी कसोटी असे ती यानंतरच्या दिवसांची. याच विकाराने १९०२ साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ऐन दोन दिवसांवर आला असताना पुढे ढकलावा लागला होता. पेनिसिलीनचा शोध १९२८ चा, आणि रोग्याच्या हाती ते पडले १९४० नंतर. १९२४ साली जखमेत पू झाला तर तो वाहून जाऊ देणे, मलमपट्टी बदलणे, ताप पाहणे आणि वाट पाहणे, एवढेच वैद्यकाच्या हाती होते. गांधीजींची प्रकृती प्रथम चांगली सुधारत आहे असे वाटले. पण जखमेच्या जागी गळू झाले आणि बरे होणे लांबले. आज याच शस्त्रक्रियेचा रोगी बहुधा काही दिवसांत घरी जातो. त्यांना रुग्णालयात जवळजवळ दोन महिने राहावे लागले.

स्वतःचे काम स्वतः करण्याचा जन्मभर आग्रह धरलेल्या माणसाला कुशीवर वळण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागावा, ही अवस्था सोपी नव्हे. त्यात रुग्णालये पाप वाढवितात, असे याच गृहस्थाने १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये लिहून ठेवलेले! टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले, आणि ते गैर नव्हते. गांधीजींनी सारवासारव केली नाही. शस्त्रक्रियेला मान तुकविणे ही आत्मबलाची उणीव होती, याच देहात जगण्याची इच्छा प्रबळ ठरली, अशी कबुली त्यांनी देऊन टाकली. असा प्रसंग पहिलाच नव्हता. १९१८ च्या दुखण्यात त्यांनी दुधाचे व्रत कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीच्या दुधाची पळवाट काढून सैल केले होते आणि त्याची टोचणी आत्मकथेत नोंदविली. १९१९ च्या आरंभी डॉ. दलालांनी मूळव्याधीच्या विकारावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतरच्या विश्रांतीत रौलट समितीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. तेव्हा दुखण्यातून उठले ते सत्याग्रहासाठीच.

५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने त्यांना बिनशर्त मुक्त केले. देशाला आनंद झाला. त्यांना झाला नाही. कैद्याचे आजारपण हे सुटकेचे कारण होऊ शकत नाही, असे त्यांनी दोन दिवसांनी काँग्रेसचे अध्यक्ष महंमद अली यांना कळविले. त्याच पत्रात कर्नल मरे, कर्नल मॅडॉक आणि बहिणीच्या मायेने शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका यांचे आभार आहेत. दार उघडे असूनही जखम भरेपर्यंत मॅडॉक यांच्याच देखरेखीखाली राहण्याचे त्यांनी ठरविले, कारण याहून चांगली शुश्रूषा अन्यत्र मिळणार नाही अशी त्यांची खात्री होती. ज्या राज्ययंत्राशी लढायचे त्याच्याच रुग्णालयात आपखुषीने राहायचे, आणि लढ्यातला एक मुद्दाही सोडायचा नाही! अनुयायांपैकी कित्येकांना हे पेलणारे नव्हते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते विश्रांतीसाठी जुहूच्या समुद्रकाठी गेले.

नऊ वर्षांनी ते पुन्हा ससूनमध्ये आले. ऑगस्ट १९३३ मध्ये एक वर्षाची कैद भोगताना, हरिजनकार्यासाठी पुरेशा सवलती मिळेनात म्हणून त्यांनी उपोषण मांडले होते. प्रकृती ढासळताच त्यांना येरवड्याहून येथे हलविण्यात आले आणि २३ तारखेला सोडून देण्यात आले. याही वेळी दुबळ्या देहामुळे मिळालेली सुटका त्यांना आपली वाटली नाही. शिक्षेचे वर्ष ऑगस्ट १९३४ मध्ये पुरे होईपर्यंत आपण कायदेभंग करणार नाही, असे त्यांनी ठरविले आणि नोव्हेंबरात वर्ध्याहून हरिजन-दौऱ्यासाठी प्रस्थान ठेवले.