वेस्पाचे कर्ते कोर्रादिनो दास्कानिओ

मध्य इटलीतील आब्रुत्सी प्रांतात, डोंगरांच्या कुशीत, पोपोली नावाचे एक लहानसे गाव वसले आहे. या गावी १ फेब्रुवारी १८९१ रोजी कोर्रादिनो दास्कानिओ यांचा जन्म झाला. बालपणापासून त्यांना पक्ष्यांचे विलक्षण वेड होते. मात्र पक्षी पाहून हरखून जाणे आणि पक्षी पाहून हिशेब मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा मुलगा दुसऱ्या जातीचा होता. पक्ष्याचे वजन किती, त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी किती आणि या दोहोंचे प्रमाण काय, याचा शोध त्याने घेतला आणि वयाच्या पंधराव्या वर्षी स्वतःच्या हातांनी पंखांचा एक सांगाडा तयार करून गावाजवळच्या टेकडीवरून तरंगण्याचे प्रयोग केले. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे होत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या धाडसाचे मोल कळते.

तुरीन येथील तंत्रविद्यापीठातून १९१४ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन ते बाहेर पडले, तो पहिले महायुद्ध सुरू झाले. युद्धकाळात त्यांनी विमानदलात काम केले, १९१८ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथेही काही काळ विमानांच्या कारखान्यात घालविला आणि मग ते मायदेशी परतले.

यानंतरची कथा हीच त्यांच्या आयुष्याची खरी कथा होय, असे मला वाटते. स्कूटरची कथा तिच्यामागून येते. जागच्या जागी सरळ वर उठणारे, हवेत स्थिर राहणारे आणि पुन्हा जागीच उतरणारे यंत्र त्यांना बांधावयाचे होते. आज हेलिकॉप्टर म्हटले की लहान मूलही आकाशाकडे बोट दाखविते. पण त्या काळी ते बहुतेकांना दिवास्वप्न वाटे. अडचण मोठी होती. डोक्यावरचा पंखा एका दिशेने फिरू लागला की खालचे धड उलट दिशेने गरगरू पाहते. दास्कानिओ यांनी यावर एकाच उभ्या आसावर एकावर एक असे दोन पंखे बसविले आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरविले. एकाचा पीळ दुसऱ्याने मोडला. यंत्र पुढे, मागे वा बाजूला वळविण्यासाठी तीन छोटे पंखे निराळे होते. या कामी बॅरन पिएत्रो त्रोयानी या सरदाराने आपला पैसा ओतला. १९२५ साली दोघांनी मिळून कंपनी काढली. पहिली दोन यंत्रे फसली. तिसरे मात्र उठले. ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळच्या चांपीनो विमानतळावर वैमानिक मारिनेल्लो नेल्ली यांनी ते ८ मिनिटे ४५ सेकंद हवेत ठेविले, १०७८ मीटर अंतर कापले आणि १८ मीटर उंची गाठली. हे तिन्ही त्या वर्गातील जागतिक विक्रम ठरले. अठरा मीटर म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या वाढलेल्या माडाहून फार अधिक नव्हे. पण त्या उंचीवर त्यापूर्वी असे यंत्र कोणी नेले नव्हते.

इतके होऊनही पुढे काही निष्पन्न झाले नाही. पैसा सरला, मंदीचे दिवस आले आणि कंपनी मोडली. अमेरिकेत इगोर सिकोर्स्की यांचे सुप्रसिद्ध हेलिकॉप्टर जमिनीवरून उठले ते १९३९ साली. दास्कानिओ त्यांच्या नऊ वर्षे पुढे होते. परंतु शोध नुसता आधी लागून भागत नाही, तो पोसणाराही कोणी लागतो. दास्कानिओ प्याज्जो या विमाने बांधणाऱ्या कंपनीत रुजू झाले. विमान उडत असताना ज्याच्या पात्यांचा कोन बदलता येतो अशा पंख्यावर त्यांनी तेथे काम केले आणि त्यात त्यांनी मोठे नाव मिळविले. पीसा विद्यापीठात ते अनेक वर्षे अध्यापनही करीत.

दुसऱ्या महायुद्धात पोन्तेदेरा येथील कारखाना बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झाला. पराभूत इटलीत विमानांना गिऱ्हाईक उरले नव्हते. हजारो कामगारांच्या हातांना काम हवे होते. रस्ते फुटले होते आणि लोकांपाशी वाहने नव्हती. कंपनीचे धनी एन्रिको प्याज्जो यांनी स्वस्त दुचाकी काढण्याचे मनात घेतले. पहिला नमुना त्यांच्या माणसांनी तयार केला. त्याला इटालियन मुलांच्या लाडक्या डोनाल्ड बदकाचे ‘पापेरिनो’ हे नाव मिळाले. पण तो धन्याला रुचला नाही. मग काम दास्कानिओ यांच्याकडे आले.

आता यातील गंमत पहा. दास्कानिओ यांना मोटरसायकल मुळीच आवडत नसे! तिच्यावर टांग टाकून बसावे लागते, साखळीच्या तेलाने कपडे मळतात, इंजिनाची धग अंगाला लागते आणि चाक पंक्चर झाले तर ते काढताना नाकी नऊ येतात, अशी त्यांची तक्रार होती. ही नावड हीच त्यांची शिदोरी ठरली. त्यांनी साखळी काढून टाकली आणि इंजिन मागच्या चाकालगत नेऊन पत्र्याआड झाकले. झाकलेल्या इंजिनाला वारा मिळेना, म्हणून त्याला पंख्याची हवा दिली. गिअर पायाकडून हाताकडे आणला. पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले, म्हणजे ते काढणे सोपे झाले. बसणाऱ्याने खुर्चीवर बसावे तसे पाय जुळवून बसावे, अशी मोकळी जागा पुढे ठेविली. मारिओ देस्ते यांनी नकाशे काढण्यात साहाय्य केले. २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लोरेन्स येथे पेटंटचा अर्ज दाखल झाला. नाव ठेविले वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. मागचे फुगीर अंग, मधली बारीक कंबर आणि इंजिनाची गुणगुण ध्यानात आणली की ते पटते. पहिल्या वेस्पाचे इंजिन केवळ ९८ सी. सी. चे होते.

जुनी वेस्पा विकत घेऊन घरच्या अंगणात ती पुन्हा उभी करणाऱ्या हौशी लोकांना दास्कानिओ यांची बुद्धी पुस्तकांपेक्षा अधिक नीट कळते. मागचा शॉक-ॲब्सॉर्बर सोडवावा, तारा मोकळ्या कराव्या, एक लांबलचक बोल्ट ओढून काढावा, की चाकासकट अख्खे इंजिन हातात येते. मोटरसायकलीला नळ्यांचा सांगाडा असतो. येथे तो नाहीच. विमानाच्या धडाप्रमाणे दाबून वळविलेला पत्राच सारा भार वाहतो. म्हणूनच आमच्या गोव्यासारख्या खाऱ्या, पावसाळी मुलखात पाय ठेवण्याचा पत्रा गंजला, तर तो नुसता रंगवून भागत नाही. रंगाखाली गंज तसाच राहिला तर गाडीचा कणाच कुजतो. कुजलेला भाग कापून नवा जोडावा लागतो, आणि जोडताना धड किंचित जरी वाकले तरी दोन्ही चाके एका रेषेत राहत नाहीत. चकाकत्या रंगाच्या मोहात पडून हे काम टाळणारे पुष्कळ असतात. त्यांची गाडी छायाचित्रात शोभते, रस्त्यावर नव्हे.

वेस्पाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९५६ सालापर्यंत दहा लाख गाड्या बाहेर पडल्या. भारतात बजाज कंपनीने परवाना घेऊन पुण्याजवळ आकुर्डी येथे वेस्पा १५० काढली. १९७१ साली तो करार संपला आणि १९७२ पासून त्याच धाटणीची ‘चेतक’ आली. गाडी एका अंगावर कलती करून मग किक मारणारे वडील वा आजोबा ज्यांनी पाहिले नाहीत असे वाचक या अंकाला थोडेच लाभतील.

दास्कानिओ यांच्या मनातून मात्र हेलिकॉप्टर कधीच गेले नाही. प्याज्जोतही त्यांनी हेलिकॉप्टरची यंत्रे रचली. परंतु कंपनीने तो नाद अखेर सोडून दिला. स्कूटरवर कारखाना चालत असताना हेलिकॉप्टरवर पैसा कोण लावणार? आपल्याला लोक गांधीलमाशीसाठी ओळखतात, उड्डाणासाठी नव्हे, ही खंत त्यांना शेवटपर्यंत होती. पुष्कळांना हे गाऱ्हाणे विचित्र वाटेल, कारण गोरगरिबांना परवडणारे वाहन देणे ही काही लहान गोष्ट नव्हे. तरी टेकडीवरून झेप घेणाऱ्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहिले, तर तिचा अर्थ लागतो.

१९६४ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ते आगुस्ता या हेलिकॉप्टर बांधणाऱ्या कंपनीत गेले. तेथे त्यांनी शिकाऊ वैमानिकांसाठी एक छोटे हेलिकॉप्टर रचले. त्याला दिलेल्या ‘आ-द-आ’ या नावात आगुस्ताच्या जोडीला दास्कानिओ हे त्यांचे स्वतःचे आडनाव होते. पुढे शेतीच्या कामासाठी त्याच यंत्रात फेरफार करण्यात आले. ६ ऑगस्ट १९८१ रोजी पीसा येथे, नव्वद वर्षांचे होऊन, ते निवर्तले.