भयाचा स्वरकार : बर्नार्ड हरमन

‘सायको’ पाहताना स्नानगृहातील त्या प्रसंगी मी डोळे घट्ट मिटले; पण भीती कानांतून आत शिरलीच! त्या स्वरांचा धनी बर्नार्ड हरमन १९११ साली न्यूयॉर्कला जन्मला. रेडिओवरचा हा संगीतकार ऑर्सन वेल्सबरोबर चित्रपटात आला.

१९६० च्या ‘सायको’त कॅमेरा झपाझप तुकडेच दाखवतो. हिचकॉकला तेथे संगीत नको होते. हरमनने तरीही निव्वळ तंतुवाद्यांतून किंकाळ्या उठवल्या आणि हिचकॉकने त्या मान्य केल्या. १९६६ साली ‘टॉर्न कर्टन’च्या वेळी मात्र हाच मनस्वीपणा नडला. दोघांनी पुन्हा एकत्र काम केले नाही.

‘टॅक्सी ड्रायव्हर’चे ध्वनिमुद्रण संपवून काही तासांतच, २४ डिसेंबर १९७५ रोजी, हरमन गेला. मला वाटते, आज्ञाधारक कलावंताच्या हातून ती किंकाळी कधीच उमटली नसती.