रंग न दिसणारा माणूस आणि निवडुंगाचं माळरान

हल्ली कुठल्याही मुलाखतीला जा, एक प्रश्न ठरलेला असतो: तुमच्यात नेतृत्वगुण आहेत का? मग आपण स्नेहसंमेलनात केलेलं सूत्रसंचालन, क्रिकेट संघाचं कर्णधारपद वगैरे सांगतो. समोरचा मान हलवतो. पण कामाच्या ठिकाणचं नेतृत्व म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मला ते थोडंफार समजलं लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रातून. आणि गंमत म्हणजे हा माणूस आपल्या बेळगावच्या मातीतला. किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो, पण हे नाव तिथं कसं आलं याचा विचार किती जण करतात?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना, हात मात्र सतत काहीतरी करायला शिवशिवायचे. चित्रं काढायची आवड होती, म्हणून 1885 साली ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले. पण तिथं एक विचित्र गोष्ट उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरकच कळत नव्हता. चित्रकार व्हायला निघालेला मुलगा आणि डोळ्यांना रंग दिसत नाहीत! दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देत घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरल्या. यंत्रांच्या आकृत्या काढण्याचं शिक्षण घेतलं आणि त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. फावल्या वेळात तिथल्या यंत्रांजवळ बसून ती कशी चालतात हेही शिकून घेतलं. आपल्याला काय जमत नाही हे वेळेवर मान्य करणं, नेतृत्वाची पहिली पायरी बहुधा हीच असावी.

दरम्यान 1888 साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचं छोटंसं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामुअण्णा इकडे विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची चैन. एकेक सायकल सातशे ते हजार रुपयांना जायची, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे.

मुंबईच्या नोकरीत मात्र एक दिवस मन उडालं. बढतीची जागा निघाली. काम लक्ष्मणरावांचं चांगलं होतं, पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तो अपमान त्यांना किती लागला असेल याचा अंदाज आपण त्यांच्या पुढच्या वागण्यावरून बांधू शकतो. स्वतः मालक झाल्यावर त्यांनी माणसं कधी जात किंवा सर्टिफिकिट बघून निवडली नाहीत.

बेळगावात कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. नांगर चांगला होता, पण विकत कोण घेणार? लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! आपला एक अर्ज नापास झाला तरी आपण आठवडाभर तोंड पाडून बसतो. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून सोडून दिलं नाही. शेतकऱ्याला पटेल असा नांगर करणं हे आपलंच काम, असं ते समजले.

जरा बस्तान बसतंय तोवर नवं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडावी लागली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंधच्या देवळाचा सभामंडप बांधण्याचं काम त्यांनी आधीच लक्ष्मणरावांना दिलं होतं. आता त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. 1910 साली बिऱ्हाड तिथं हललं.

जमीन म्हणजे काय, तर निवडुंगानं भरलेलं माळरान. पाणी कमी, साप भरपूर. बरोबर जेमतेम पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं. त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी घरं, मग कारखाना, मग शाळा, असं करत एक गावच वसलं. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांनी बघितली.

खरी गोष्ट इथून पुढची. लक्ष्मणरावांच्या भोवती जमलेली माणसं बघा. शंभूराव जांभेकर यंत्रांच्या कामात तरबेज. मंगेशराव रेगे आले कारकून म्हणून, हिशेब सांभाळता सांभाळता कारखान्याचा आधार झाले. अनंतराव फळणीकरांचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, पण ते इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. वाडीच्या राखणीला तर तुरुंगवास भोगलेली माणसं नेमली. चोराच्या हाती किल्ल्या देण्याचाच प्रकार, पण त्या माणसांनी राखण चोख केली. वाडीत शिवाशिवीला जागा नव्हती. त्या काळात, खेडेगावात, हे सोपं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड आटलं. नांगराला मागणी, पण माल नाही. तेव्हा कोल्हापूर दरबाराकडच्या जुन्या तोफा विकत घेतल्या आणि वितळवून नांगर केले. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं. आपल्या साहित्य मंडळानं हे जरूर लक्षात ठेवावं: पुढे मराठी वाचकांच्या घरोघर गेलेलं एक मासिक नांगराच्या कारखान्यात जन्मलं.

आता एक शंका. कामगार राहतो कुठं, वागतो कसा, यात मालकानं इतकं लक्ष घालावं का? आजच्या भाषेत कुणी याला ढवळाढवळ म्हणेल. मलाही हा प्रश्न पडला. घर आणि नोकरी एकाच्याच हातात असली, तर नाही म्हणायला माणूस कचरतो. पण दुसरी बाजूही आहे. लक्ष्मणराव त्याच माळावर, त्याच सापांच्या सोबतीत, बायकोमुलांसह राहायला गेले. राधाबाईंनी तिथंच संसार केला. लोकांना एका जागी पाठवून स्वतः सुरक्षित राहणारा मालक आणि आधी स्वतः तिथं बिऱ्हाड करणारा मालक, यांत फरक आहेच. शंका त्यानं पूर्ण मिटत नाही, पण विश्वास कुठून आला ते कळतं.

त्या विश्वासाची परीक्षा म्हातारपणी झाली. 1948 साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणरावांची तेव्हा एकोणऐंशी वर्षांची उमर होत आलेली. आयुष्यभराची कमाई डोळ्यांदेखत जळाली. तरी कारखाना पुन्हा उभा राहिला. नुसत्या पैशानं असं होत नाही, परत कामावर येणारी माणसं असावी लागतात. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव वारले.

मित्रहो, आपल्यातले बरेच जण उद्या कुठल्यातरी ऑफिसात, शाळेत, कारखान्यात रुजू होतील. काहींच्या हाताखाली दोन-चार माणसं येतील. त्यातला एखादा अर्धवट शिकलेला असेल, एखाद्यावर जुना डाग असेल, एखाद्याला इंग्रजी धड येत नसेल. त्याच्याकडे आपण कसं बघणार, एवढाच प्रश्न आहे. मुलाखतीत त्याचं उत्तर देता येत नाही.

मिरजेहून पुण्याकडे जाताना सांगलीच्या पुढे किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. पुढच्या वेळी गाडी तिथं थांबली, तर मोबाईलमधून मान वर काढून जरा बाहेर बघा. तिथं एकेकाळी फक्त निवडुंग होता.